सर्व्हे अर्ध्यात सोडून गेलेले लोक कोण होते?

कॉलेजात प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘प्लीज हा फॉर्म भरा, फक्त दोन मिनिटं लागतील, बाकीच्या ग्रुपवर पण पाठवा.’ आपण मैत्रीखातर लिंक उघडतो. नाव, ईमेल, वय, शिक्षण, जिल्हा, उत्पन्न... इथवर ठीक. मग एक लांबरुंद तक्ता येतो. डावीकडे दहा वाक्यं, वर ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच रकाने, आणि त्यातले अडीचच स्क्रीनवर दिसतायत. बोटाने सरकवावं तर वाक्यं गायब होतात. तेवढ्यात वरून दुसरा मेसेज डोकावतो, आपण तिकडे जातो, आणि तो फॉर्म कायमचा राहून जातो.

आजचा भाग या राहून गेलेल्या फॉर्मबद्दल आहे. ऑडिओत घाईघाईत निसटलेले एक-दोन मुद्दे खाली लिहिताना वाढवलेत.

सुरू केलेला सर्व्हे पूर्ण न करता सोडून देणं, याला ड्रॉप-ऑफ म्हणतात. ज्यांनी लिंक उघडलीच नाही ते यात येत नाहीत, तो वेगळा हिशोब. आणि मोबाईलवर हे लॅपटॉपपेक्षा जास्त होतं, असं गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यात नवल काही नाही. लॅपटॉप उघडून बसलेला माणूस काहीतरी करायला बसलेला असतो. फोन हातात असलेला माणूस लाइनीत असतो, गाडीत असतो, दूध उतू जायची वाट बघत असतो.

बहुतेक जण यावर एकच उपाय करतात. शंभर उत्तरं हवीत ना, मग तीनशे जणांना पाठवा. आकडा भरतो, गाईड मॅडम खूश, विषय संपला. माझं म्हणणं असं की आकडा भरला तरी सर्व्हे बिघडलेला असू शकतो, कारण सोडून जाणारे लोक चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या कॉलेजातली एक मुलगी एसटीच्या वेळापत्रकावर प्रोजेक्ट करतेय. तिने स्टँडवर क्यूआर कोड चिकटवलाय, कॉलेजच्या ग्रुपवर लिंक टाकलीय. एकूण ३५ प्रश्न. स्टँडवर ताटकळत उभा असलेला एक मुलगा कोड स्कॅन करतो, बारा प्रश्न भरतो, आणि गाडी लागते. तो पळतो, कारण खिडकीतून बॅग टाकून जागा धरायची असते. गाडी गावाबाहेर पडली की रेंज जाते. घरी पोचेपर्यंत फॉर्म डोक्यातूनही गेलेला असतो. इकडे तालुक्यातच राहणारा, महिन्यातून एखाद्या वेळी एसटीत बसणारा मुलगा घरच्या वायफायवर गादीवर लोळत पस्तीसच्या पस्तीस प्रश्न भरतो.

निकाल येतो: ‘वेळापत्रकाबद्दल बहुसंख्य विद्यार्थी समाधानी.’ आता हा निकाल नुसता प्रोजेक्टच्या फायलीत राहिला तर एक वेळ चालेल. पण तो निवेदनाला जोडून डेपोत गेला, तर संध्याकाळच्या जादा गाडीची मागणी तिथेच बारगळते. ज्याला ती गाडी सगळ्यात जास्त हवी होती, त्याचं मत सर्व्हेत आलंच नाही. ते नेमकं गाडीमुळेच निसटलं.

आणखी दोनशे जणांना लिंक पाठवून हे सुधरत नाही. निवांत असलेले लोक आणखी जमतात, आणि चुकीचा निकाल जास्त ठाम वाटायला लागतो, एवढंच.

सर्व्हेच्या इतिहासात याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, आणि ते मोबाईलच्या कितीतरी आधीचं आहे. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने साधारण १ कोटी नमुना मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या. २३ लाखांच्या आसपास परत आल्या. केवढा मोठा नमुना! त्यावरून त्यांनी सांगितलं, लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. याचं कारण म्हणून पुस्तकात आपल्याला सांगतात की पत्ते टेलिफोन डिरेक्टरीतून आणि गाड्यांच्या नोंदणीतून घेतले होते, म्हणजे यादीच खात्यापित्या लोकांची होती. ते खरंच आहे. पण १९८८ साली पेव्हरिल स्क्वायर या अभ्यासकाने जुनी माहिती पुन्हा तपासली तेव्हा दिसलं की कोणी पत्रिका परत पाठवली आणि कोणी नाही, यातही मोठा फरक होता. मतपत्रिका मिळालेल्या सगळ्यांनी उत्तर दिलं असतं, तर निदान विजेत्याचं नाव तरी बरोबर आलं असतं.

तिथे लोकांनी पत्रिका परतच पाठवली नव्हती, आपल्याकडे लोक फॉर्म मध्येच सोडतात. आजार तोच. म्हणून आता पुढे जे काही सांगतोय, ते आकडा वाढवायच्या युक्त्या म्हणून ऐकू नका. स्टँडवरचा तो मुलगा फॉर्मच्या शेवटापर्यंत कसा पोचेल, एवढाच प्रश्न डोक्यात ठेवा.

आधी थोडं गणित. समजा, प्रत्येक प्रश्नाला १०० पैकी फक्त २ जण सोडून जातात. ऐकायला किती कमी वाटतं! पण हे चक्रवाढ व्याजासारखं आहे, फक्त उलट्या दिशेने. १० प्रश्नांनंतर ८२ उरतात, २० नंतर ६७, आणि आपल्या मुलीच्या ३५ प्रश्नांनंतर ४९. निम्मे गेले. प्रत्यक्षात गळती अशी सारखी नसते. पहिल्या पानावर एकदम बरेच जातात, मग थोडी शांतता, आणि अवघड प्रश्न आला की पुन्हा भगदाड. पण प्रश्न कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय का आहे, ते यावरून कळतं. त्याला कोडिंग लागत नाही.

प्रत्येक प्रश्नापुढे बसून स्वतःला विचारायचं: याच्या उत्तराने माझ्या रिपोर्टमधलं कोणतं वाक्य बदलणार आहे? नाव कशाला हवंय? ईमेल? ‘सगळेच विचारतात म्हणून’ हे कारण होत नाही. ज्यांच्याकडे पासच नाही त्यांना पासचे चार प्रश्न कशाला दाखवायचे? गूगल फॉर्ममध्ये उत्तरानुसार वेगळ्या सेक्शनला पाठवायची सोय आहे, ती वापरा. वेळ जातो सेट करायला, पण तो वेळ एकट्या तुमचा जातो.

क्रमाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. वय, शिक्षण, उत्पन्न वगैरे सगळं शेवटी टाका, असा सल्ला सगळीकडे मिळतो. उत्पन्नाबद्दल मी सहमत आहे. तो प्रश्न पहिल्याच पानावर आला की माणूस बिचकतो. पण सगळंच शेवटी टाकलं तर सोडून गेलेले कोण होते, हे कधीच कळणार नाही, कारण ते शेवटापर्यंत आलेच नाहीत. म्हणून एक-दोन साधे, न टोचणारे प्रश्न सुरुवातीला ठेवावेत, आणि तेही विषयाला धरून. आपल्या उदाहरणात पहिला प्रश्न ‘घरून कॉलेजला पोचायला किती वेळ लागतो?’ असा असेल, तर उत्तर देणाऱ्यालाही वाटतं की हा सर्व्हे माझ्याबद्दल आहे. आणि नंतर आपल्याला बघता येतं की दीड तास लागणारे जास्त गळाले की दहा मिनिटंवाले.

आता त्या तक्त्याकडे येऊ. इंग्रजीत त्याला ग्रिड म्हणतात, आणि मोबाईल सर्व्हेचा सगळ्यात मोठा शत्रू निवडायचा झाला तर माझं मत यालाच. बऱ्याच अँड्रॉइड फोनची स्क्रीन ब्राउझरच्या मापात ३६० पिक्सेल रुंद असते. त्यातले १४० डावीकडच्या वाक्याला दिले तर पाच रकान्यांना उरले २२०, म्हणजे एकेकाला ४४. ॲपल म्हणतं बोटाने दाबायची जागा किमान ४४ पॉइंट हवी, गूगल अँड्रॉइडसाठी ४८ सांगतं, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. पाच रकाने काठावर पास होतात. सात केले की संपलं, ३१ वर येतो. मग दाबायचं असतं ‘सहमत’, दाबलं जातं ‘तटस्थ’. काही जण वैतागून सोडून जातात. काही जण त्याहून वाईट करतात, म्हणजे एकाच रकान्यात सरळ वरपासून खालपर्यंत टिकत येतात. हे दुसऱ्या प्रकारचे लोक तुमच्या ड्रॉप-ऑफच्या आकड्यात दिसत नाहीत. त्यांचा फॉर्म ‘पूर्ण’ म्हणून मोजला जातो. म्हणून नुसता ड्रॉप-ऑफ खाली आला म्हणजे जिंकलो असं नसतं, हे लक्षात असू द्या.

तक्ता मोडून एका वेळी एक वाक्य आणि त्याखाली उभे पर्याय असं केलं की फोनवर बरंच सुसह्य होतं. पण दहा वाक्यांचे दहा स्क्रीन केले तर कंटाळा तेवढाच. आधी दहाची चार करा, मग मोडा. तीच गोष्ट ‘० ते १० मध्ये किती गुण द्याल’ या प्रश्नाची. कुठल्याही कस्टमर केअरला फोन केल्यावर हा प्रश्न येतोच. अकरा बटणं एका ओळीत ३६० पिक्सेलमध्ये बसवायची म्हणजे प्रत्येकी ३२ सुद्धा धड मिळत नाहीत. शेवटची दोन बटणं खालच्या ओळीत गेली की काहींना ९ आणि १० आहेत हेच दिसत नाही. तुमच्यावर कंपनीची सक्ती नसेल तर पाच पर्याय पुरेत.

ड्रॉपडाउनबद्दलही थोडं. जिल्हा विचारायचा म्हणून ३६ नावांची यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलेली असते. यवतमाळवाल्याने तळापर्यंत अंगठा झिजवायचा. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नवी नावं काही याद्यांत असतात, काहींत नसतात, काहींत दोन्ही असतात, आणि माणूस वर-खाली शोधत बसतो. सर्व्हे एकाच तालुक्याचा असेल तर जिल्हा विचारूच नका. गंमत वाटेल, पण असे फॉर्म मी भरपूर पाहिलेत.

जे स्वतः पान बनवतात त्यांच्यासाठी पटकन: पिनकोड किंवा वय विचारताना आकड्यांचा कीबोर्ड उघडेल असं बघा. आयफोनच्या सफारीत लिहायच्या चौकटीतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की पान आपोआप झूम होतं आणि अर्धा प्रश्न बाहेर जातो. आणि कीबोर्ड वर आल्यावर ‘पुढे’चं बटण त्याच्यामागे लपत नाही ना, हे खऱ्या फोनवर बघा. लॅपटॉपवर ब्राउझरची खिडकी बारीक करून बघितली तर कीबोर्ड येतच नाही, त्यामुळे ही अडचण दिसतच नाही.

यानंतरचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि डिझाइनच्या इंग्रजी लेखांत तो सापडत नाही, कारण तो आपल्या भाषेचा आहे. मराठी सर्व्हे बहुतेक वेळा इंग्रजीत लिहून भाषांतर केलेले असतात. ‘आपण सदर सेवेच्या गुणवत्तेबाबत कितपत समाधानी आहात?’ हे वाचून स्टँडवरच्या माणसाला पहिल्यांदा वाटतं की ही सरकारी नोटीस आहे. त्याला विचारा, ‘गाडी वेळेवर येते का?’ आणि पर्याय द्या: बहुतेक वेळा येते, कधी येते कधी नाही, बहुतेक वेळा उशीर होतो, पुष्कळदा येतच नाही. वाचायला सोपं, उत्तर द्यायला सोपं, आणि रिपोर्टमध्ये ‘समाधानाची पातळी’ या हवेतल्या गोष्टीपेक्षा जास्त उपयोगाचं.

‘सहमत-असहमत’वाली मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. तिच्यात वाईट काही नाही, पण मराठीत ती पटकन गोंधळते. ‘गाड्या वेळेवर येत नाहीत’ हे वाक्य, आणि उत्तर ‘असहमत’. म्हणजे येतात की येत नाहीत? क्षणभर थांबावं लागतं ना? तो क्षणच आपण वाया घालवतो. ‘तटस्थ’ तर तीन वेगळ्या लोकांचं उत्तर असतं: ज्याला ठीकठाक वाटतं तो, ज्याला माहीत नाही तो, आणि ज्याला सांगायचं नाही तो. ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’ असे पर्याय वेगळे ठेवले की ‘तटस्थ’मधली गर्दी कमी होते, आणि जात, उत्पन्न असल्या प्रश्नांवर फॉर्म सोडून जाण्याऐवजी माणसाला तेवढाच प्रश्न ओलांडून पुढे जाता येतं.

‘तू’ लिहायचं की ‘तुम्ही’? मित्रांच्या ग्रुपवर ‘तू’ बरं वाटतं, पण ‘तू’ आलं की लगेच ‘जातोस की जातेस’ हा पेच येतो, आणि मग ते तिरकी रेघ मारून ‘जातोस/जातेस’ लिहिणं येतं. ‘तुम्ही एसटीने जाता का?’ सगळ्यांना चालतं, स्टँडवरच्या मावशींनाही.

मोकळ्या उत्तराच्या प्रश्नाला मोबाईलवर बरेच जण पळतात, कारण देवनागरीत टाइप करणं अनेकांना त्रासाचं वाटतं. चौकटीखाली एवढंच लिहा: ‘मराठीत, इंग्रजी अक्षरांत, कसंही लिहा. माइक दाबून बोललात तरी चालेल.’ असा प्रश्न एकच ठेवा, आणि तो ऐच्छिक ठेवा. आणि एक अस्सल प्रोग्रामर-लोकांची भानगड: जावास्क्रिप्टमध्ये ‘इथे कोणताही अंक चालेल’ असं सांगायची जी नेहमीची खूण आहे, ती फक्त इंग्रजी अंक ओळखते. एखाद्या आजोबांनी मराठी कीबोर्डवरून वय ६४ असं देवनागरीत लिहिलं की फॉर्म लाल अक्षरांत म्हणतो, ‘कृपया योग्य संख्या भरा.’ त्यांनी योग्यच संख्या भरलेली असते! ते दोनदा करून बघतील, मग फोन ठेवून देतील. देवनागरी अंक आत घेऊन आपल्या बाजूला बदलून घेणं दोन ओळींचं काम आहे.

निमंत्रण एसएमएसने जाणार असेल तर आणखी एक हिशोब. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. आणि काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘सर्व्हे’ हा शब्द दिसायला दोन अक्षरांचा, पण हिशोबात सात. ‘आपल्या अमूल्य अभिप्रायाच्या प्रतीक्षेत’ लिहीत बसाल तर लिंकलाच जागा उरणार नाही, किंवा मेसेजचे दोन-तीन भाग होऊन तेवढे पैसे लागतील. कोण विचारतंय, कशाबद्दल, किती वेळ, लिंक. बास.

आता रेंज गेलेल्या त्या गाडीत परत जाऊ. बहुतेक फॉर्म सगळी उत्तरं फोनमध्येच धरून ठेवतात आणि शेवटी ‘सबमिट’ दाबल्यावर एकदम पाठवतात. कमी मेमरीच्या फोनवर कॉल आला, दोन-तीन ॲप उघडली, की अँड्रॉइड मागे पडलेला ब्राउझरचा टॅब बंद करून टाकतो. परत आलं की पान नव्याने उघडतं, आणि उत्तरं गेलेली असतात. बारा प्रश्न पुन्हा कोण भरणार? महागड्या फोनवर हे क्वचित होतं, स्वस्तातल्या फोनवर नेहमी. म्हणजे इथेही गळती एका विशिष्ट बाजूनेच होते.

उपाय असा की प्रत्येक उत्तर दिल्या दिल्या फोनच्या ब्राउझरमध्ये साठवायचं आणि नेट असेल तेव्हा मागच्या मागे पाठवायचं. माणूस पान सोडून चाललाय हे ओळखायला ‘पान बंद होतंय’ या सूचनेवर अवलंबून राहू नका, फोनवर ती पुष्कळदा येतच नाही. ‘पान नजरेआड गेलं’ ही सूचना त्यामानाने भरवशाची, तेव्हाच उरलेलं पाठवून टाकायचं. पण मग अर्धवट उत्तरंही आपल्याकडे येणार, आणि हे लोकांना आधी सांगायला हवं. पहिल्या पानावर साधं वाक्य: ‘तुम्ही दिलेलं प्रत्येक उत्तर लगेच सेव्ह होतं.’ वैयक्तिक माहिती घेणार असाल तर तर नक्कीच. २०२३च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय दिलेला आहे, आणि मराठी त्या २२ भाषांत आहे.

कोडिंग न करणाऱ्यांनी काय करायचं? गूगल फॉर्म सोपा आहे, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. भरणारा गूगलमध्ये साइन-इन असेल तर त्याचा अर्धवट फॉर्म ३० दिवस ड्राफ्ट म्हणून राहतो, साइन-इन नसेल तर नाही. ‘एकालाच एकदा’ ही सेटिंग लावली किंवा फाइल अपलोड मागितली की साइन-इन सक्तीचं होतं. इन्स्टाग्रामवरून लिंक उघडली तर ती इन्स्टाच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथे तुमचं गूगल लॉगिन नसतं, आणि पहिलाच प्रश्न येतो पासवर्डचा. तिथून किती जण पुढे जातील? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ‘सबमिट’ न दाबलेल्यांचं काहीच तुम्हाला दिसत नाही. शंभर जण अकराव्या प्रश्नावर पळाले तरी तुमच्या शीटमध्ये त्यांची एक ओळ येत नाही. अर्धवट उत्तरं बघायची असतील तर लाइमसर्व्हे हे ओपन सोर्स टूल आहे. रेंज नसलेल्या भागात जाऊन फॉर्म भरून घ्यायचे असतील तर कोबोटूलबॉक्स बघा, त्यात ऑफलाइन भरून नंतर पाठवता येतं. गूगल फॉर्मच वापरायचा असेल तर निदान लिंक छोटी करणारी अशी सेवा घ्या जी क्लिक मोजते. क्लिक आणि उत्तरं यांतला फरक म्हणजे अंदाजापुरता ड्रॉप-ऑफ.

‘प्रोग्रेस बार लावला की लोक टिकतात ना?’ हे मला हमखास विचारतात. २०१३ साली आना व्हिलार, मारिओ कॅलेगारो आणि यॉन्गवेई यांग यांनी यावरचे ३२ प्रयोग एकत्र करून तपासले. सरळ, प्रामाणिक वेगाने सरकणाऱ्या पट्टीने ड्रॉप-ऑफ कमी झाल्याचं दिसलं नाही. आधी भराभर पळून नंतर मंदावणाऱ्या पट्टीने तो कमी झाला, आणि आधी रेंगाळून नंतर पळणाऱ्या पट्टीने वाढला. आता यातून काही लोकांना आयडिया मिळेल की मुद्दाम सुरुवातीला पळणारी पट्टी लावू. माझ्या मते ही फसवणूक आहे. पाच प्रश्नांत ‘६० टक्के झालं’ दाखवायचं आणि उरलेल्या ४० टक्क्यांत वीस प्रश्न घुसवायचे, असं एकदा कळलं की तो माणूस पुढचा कुणाचाही फॉर्म उघडणार नाही.

वेळ सांगण्याचंही तसंच. मिर्ता गालेशिच आणि मायकेल बोस्नयाक यांनी २००९ साली छापलेल्या प्रयोगात लोकांना १०, २० किंवा ३० मिनिटं लागतील असं वेगवेगळं सांगितलं होतं. जास्त वेळ सांगितला तसे कमी लोक सुरू झाले आणि कमी पूर्ण झाले. शिवाय फॉर्ममध्ये जे प्रश्न उशिरा आले त्यांना घाईची, तुटक, एकसारखी उत्तरं मिळाली. म्हणून ‘दोन मिनिटं’ असं खोटं लिहायचं नाही, फॉर्मच खरोखर तीन-चार मिनिटांचा करायचा. वेळ स्वतःवर मोजू नका, प्रश्न तुम्हीच लिहिलेत. ज्याने ते कधी पाहिले नाहीत त्याच्या हातात द्या.

सगळ्या प्रश्नांना लाल चांदणी लावून सक्तीचे करणं, मागे जायचं बटण काढून टाकणं, ‘खरंच सोडणार का?’ अशी खिडकी उघडणं, हे प्रकारही सोडा. अडवून ठेवलेला माणूस काहीतरी ठोकून देतो आणि सुटका करून घेतो. निघून जाण्याचा त्याला हक्क आहे.

लिंक फिरवायच्या आधी करायचं एक काम राहिलं. पाच जण गाठा, त्यांतले दोन तरी जुना फोन वापरणारे असू द्यात, आणि त्यांच्याच फोनवर, मोबाईल डेटावर, तुमच्यासमोर फॉर्म भरायला सांगा. तुम्ही गप्प बसायचं. ‘अरे तिथे दाब’ म्हणायचं नाही. अंगठा कुठे थांबतो, कपाळावर आठी कुठे येते, कुठलं वाक्य ते दोनदा वाचतात, हे टिपून घ्या. पाच जणांवरून टक्केवारी काढायची नाही, अडलेल्या जागा तेवढ्या शोधायच्या. उलट, साठ उत्तरांवर ‘बटणाचा रंग बदलल्याने ड्रॉप-ऑफ ५ टक्क्यांनी घटला’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. साठातले ५ टक्के म्हणजे तीन माणसं. ती कुठल्याही कारणाने इकडची तिकडे होतात.

आणि रिपोर्ट लिहिताना ‘एकूण प्रतिसाद’ या ओळीच्या खाली आणखी दोन ओळी लिहा: किती जणांनी सुरुवात केली होती, आणि सगळ्यात जास्त लोक कुठल्या प्रश्नावर थांबले. सुरुवातीचा तो ‘किती वेळ लागतो’वाला प्रश्न असेल तर तिसरीही लिहिता येईल: लांबून येणाऱ्यांपैकी किती गळाले आणि जवळच्यांपैकी किती. फरक मोठा असेल तर ‘बहुसंख्य विद्यार्थी समाधानी’ हे वाक्य खोडून ‘सर्व्हे पूर्ण केलेल्यांपैकी’ असं लिहावं लागेल. गाईड मॅडम विचारतील हे कशाला. सांगा त्यांना, १९३६ची गोष्ट.

तुमचा एखादा फॉर्म सध्या फिरत असेल तर त्याची लिंक कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात त्यातले दोन-तीन फॉर्म एका जुन्या अँड्रॉइड फोनवर उघडून, भरत भरत बोलू.